लहान पोरांना हवामान कसं शिकवायचं: बाज, बाटली आणि हळदीचा तांब्या

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागायतदाराच्या घरात सकाळी चहाच्या आधी आभाळाकडं बघितलं जातं. रात्री दव पडलं का, पानं किती वेळ ओली राहिली, आज औषध मारायचं की उद्या, हे बोलणं चुलीपाशीच होतं. पोरं ते ऐकत मोठी होतात. पण ऐकणं वेगळं आणि स्वतः बघणं वेगळं. वस्तीवरची चार ते आठ वर्षांची पोरं आमच्या अंगणात खेळायला असतात. त्यांच्याबरोबर मी जे करते ते इथं लिहिते. यासाठी विकत आणण्यासारखं काही लागत नाही. लागतं ते एवढंच: रोज तीच जागा, तीच वेळ आणि मोठ्या माणसाची दहा मिनिटं.

जागा आणि वेळ पक्की करा. बाकी सगळं यावर उभं राहतं. आज गच्चीवरून, उद्या शाळेच्या वाटेवर, परवा कधीतरी संध्याकाळी, असं बघितलं तर पोराला तुलनाच करता येत नाही. हवामान कळतं ते कालच्याशी ताडून बघितल्यावर. पश्चिमेकडचं आभाळ मोकळं दिसेल अशी जागा निवडा आणि तिथून दिसणारी एक खूण ठरवा: विजेचा खांब, पाण्याची टाकी, लांबचा डोंगर. डोंगर आज स्वच्छ दिसतो की धुरकट, की दिसतच नाही, ही पहिली नोंद. वेळ मी सकाळी साडेआठची धरली आहे. हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, त्यामुळं आपला आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. शिवाय पोरं शाळेला जायच्या आधी घरीच असतात.

अंगणात बाज टाका आणि पोरांना उताणं झोपवा. उभं राहून वर बघताना लहान पोरं दोन मिनिटांत कंटाळतात, मान दुखते. बाजेवर पडली की आपोआप बघत राहतात. एक सांगून ठेवा, आणि रोज सांगा: सूर्याकडं थेट बघायचं नाही, काळा चष्मा घालूनही नाही. सूर्य झाडाआड किंवा घराआड राहील अशीच बाज टाका.

मग विचारायचं. सांगायचं नाही, विचारायचं. आभाळाचा किती हिस्सा ढगानं झाकलाय? चार हिस्से धरा, पोरांना भाकरीमुळं चतकोर कळतो. (वेधशाळेत आठ हिस्से धरतात, मोठ्या पोरांना आठ करायला लावा.) ढग कुठून कुठं चाललेत? हे कळायला बाजेवरून दिसणाऱ्या खांबाच्या टोकाशी ढगाची कड जुळवायची आणि वाट बघायची. वारा कुठून येतोय? अंगाला काय वाटतंय, गार, कोरडं, की चिकट? एवढे चार प्रश्न पहिले दोन महिने पुरतात. ढगांची नावं, पाण्याचं चक्र, बाष्पीभवन हे सगळं नंतर. आधी नाव दिलं की पोरगं नाव पाठ करतं आणि बघायचं थांबतं.

वाऱ्याचं एक आधी सांगून ठेवते, कारण तिथं सगळ्याच पोरांचा घोळ होतो. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. जुन्या साडीची पट्टी उंच काठीला बांधली की ती उलट्या दिशेला फडफडते आणि पोरं पट्टीच्या टोकाकडं बोट दाखवतात. त्यावर उपाय सोपा आहे. गार वारा गालाला कुठून लागतो तिकडं तोंड करून उभं राहायचं, तोंड ज्या बाजूला ती वाऱ्याची बाजू. हे आठवडाभरात बसतं. पुढं एखाद्या दिवशी पट्टी एकीकडं आणि ढग दुसरीकडं चाललेले दिसतील. तेव्हा घाईघाईनं समजावू नका. खालचा वारा आणि वरचा वारा वेगळा असू शकतो, हे पोरानं स्वतः ओळखलं तर ते जन्मभर विसरत नाही.

वही कशी ठेवायची

एक साधी वही, रोज एक ओळ. तारीख, वर्तुळ काढून त्यात ढगाचे हिस्से काळे करायचे, वाऱ्याचा बाण आणि पावसाचा आकडा. लिहिता न येणारं पोरगं वर्तुळ रंगवतं, मोठं पोरगं आकडा लिहितं.

वहीत आणि भिंतीवरच्या तक्त्यात हसरा सूर्य आणि रडका ढग काढू नका. बालवाडीच्या तक्त्यांवर हे सर्रास छापलेलं असतं, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या पोराला ढग रडका आहे असं शिकवायचं? त्याच्या घरचे जून उजाडला की त्या ढगासाठी डोळे लावून बसतात. आणि आमच्या बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर माल वाळत असताना तोच ढग आला की घरात जेवण गोड लागत नाही, कारण भिजलेला बेदाणा काळा पडतो. जुनी माणसं म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. स्वाती नक्षत्र लागतं २४ ऑक्टोबरच्या सुमारास. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानाला तो पाऊस खरंच मोत्यासारखा. त्याच पंधरवड्यात आमचे घड फुलोऱ्यात असले तर मणीगळ होते, कुज लागते, दावण्या नावाचा बुरशीचा रोग येतो. म्हणून पोरांना विचारा, आजचा पाऊस कुणाला हवा होता आणि कुणाला नको होता? पाच वर्षांचं पोरगंही बरोबर सांगतं. कुंभाराला, वीटभट्टीवाल्याला, मेंढपाळाला, ऊसतोडीच्या टोळीला, प्रत्येकाला धरून विचारा.

पावसाची बाटली

प्लास्टिकची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून त्याच बाटलीत बसवा, नरसाळ्यासारखा. यानं पाणी कमी उडून जातं. कडेला चिकटपट्टी लावा, पोरांचे हात कापतात. बाटलीचा बूड सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाका आणि बाटलीचं अंग जिथं सरळ सुरू होतं तिथपर्यंत पाणी भरा. तिथं शून्याची रेघ. तिथून वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा करा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळं साधी पट्टी चालते, वेगळा हिशोब लागत नाही.

ठेवायची जागा महत्त्वाची. घराच्या वळचणीला नाही, झाडाखाली नाही, द्राक्षाच्या मांडवाखाली तर नाहीच. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी लांब. वाऱ्यानं पडू नये म्हणून खुंटीला तारेनं बांधा. रोज आकडा वाचून झाला की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणा. उन्हानं रेघेखाली गेलं असेल तर भरा.

आता आकड्याला अर्थ द्यायचा, नाहीतर दहा मिलिमीटर म्हणजे पोरांना नुसती रेघ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. अंगणात खडूनं किंवा राखेनं एक मीटरचा चौकोन आखा, पोरांना लिटरच्या मापानं त्यात पाणी ओतायला लावा. दहा मिलिमीटरसाठी दहा मापं. ओतता ओतता त्यांचे डोळे मोठे होतात. मग मोठ्या पोरांना एकराचा हिशोब द्या. एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. तेव्हा दहा मिलिमीटर पावसात एका एकरावर चाळीस हजार लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. ज्या पोरांनी उन्हाळ्यात बागेला टँकरनं पाणी घालताना बघितलंय, त्यांना हा आकडा दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

पाऊस पडला नाही त्या दिवशीही बाटली बघायला जायचंच आणि वहीत शून्य लिहायचं. आमच्या भागात शून्यच जास्त असतात, आणि ती लिहिली नाहीत तर वही खोटी होते.

दव आणि तांब्या

हे सगळ्यात आवडीचं, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्टीलचा तांब्या घ्या, बाहेरून कोरडा पुसा, त्यात फ्रिजमधलं गार पाणी आणि बर्फ टाका. जूनमध्ये ढग आले की करून बघा. थोड्याच वेळात तांब्याचा चकचकीतपणा जातो, बोट फिरवलं की रेघ उमटते. मग बारीक थेंब, मग ते एकमेकांत मिसळून खाली ओघळतात. एखादं पोरगं हमखास ओरडतं, "काकी, तांब्या गळायलाय!"

नाही म्हणू नका. 'गळतोय का ते बघू या' म्हणा. आतल्या पाण्यात चमचाभर हळद कालवा. आपल्या सांगलीत हळदीला तोटा नाही. बाहेरून तांब्या पुन्हा पुसा आणि थेंब जमेपर्यंत वाट बघा. आता पांढऱ्या रुमालानं ते थेंब टिपायला लावा. रुमाल ओला होतो, पिवळा होत नाही. पोरं रुमाल उलटसुलट करून बघतात, एकमेकांना दाखवतात. आतलं पाणी पिवळं, बाहेरचं स्वच्छ, मग हे पाणी आलं कुठून? उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या, वेळ लागला तरी. हवेत न दिसणारं पाणी असतं आणि गार वस्तूला लागलं की ते थेंब होतं, इथपर्यंत पोरं पोचली की दव, धुकं आणि ढग तिन्ही एकाच वाटेनं समजावता येतात. रात्री पान गार पडतं, पानाला लागलेली हवा गार होते, तिच्यातलं पाणी पानावर थेंब होऊन बसतं. धुक्यात तेच थेंब हवेतच तरंगतात. ढगातही तेच, फक्त उंचावर.

हाच प्रयोग मार्चच्या कोरड्या दुपारी पुन्हा करा. तांब्या नीट घामेजतही नाही. दोन्ही वेळा थेंब यायला किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवा. हवा दमट आहे की कोरडी हे मोजण्याचं हे घरचं साधन झालं. आणि हिवाळ्यात सकाळी पोरांना बागेत नेऊन दाखवा, मांडवाखालचं पान कोरडं असतं आणि उघड्यावरचं गवत चिंब. असं का, ते त्यांना शोधू द्या. उघड्या आभाळाखाली वस्तू जास्त गार पडते, वर आडोसा असला की कमी. ढगाळ रात्री दव कमी पडतं तेही याच कारणानं.

वळवाचा ढग आणि वीज

ढगांची शास्त्रीय नावं इंग्लंडमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषध बनवणाऱ्या माणसानं १८०२ साली सुचवली. तो हौशी होता, नुसतं आभाळ बघायचा. मराठीत तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ. लहान पोरांना पिंजलेले, पुंजक्याचे आणि पांघरुणाचे एवढं पुरे. पिंजलेले सगळ्यात उंच आणि बर्फाच्या कणांचे असतात, हे सांगितलं की सांगलीच्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फ तरंगतोय याचं त्यांना फार नवल वाटतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा ढग एका दिवसात जन्मून मोठा होताना दिसतो. ते चुकवू नका. कोऱ्या कागदाचे चार भाग करा आणि अकरा, एक, तीन आणि पाच वाजता त्याच जागेवरून तोच कोपरा काढायला लावा. अकराला बारके पुंजके. एकला फुगलेले, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. तीनला एखादा सरळ वर चढत गेलेला, बूड काळं. कधी त्याचा माथा सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो, तो गर्जन्मेघ. उन्हानं जमीन तापते, तापलेली हवा वर जाते, वर जाऊन गार होते आणि तिच्यातलं पाणी थेंब होतं. तांब्याचा प्रयोग झालेला असला की हे एका वाक्यात कळतं.

पण माथा पसरला, गडगडलं, की चित्र तिथंच सोडून घरात. यात लाड नाहीत. वीज दिसली की आकडे मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. आवाज नुसता ऐकू आला तरी पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही हे सगळे सांगतात. आपल्याकडं आणखी एक सांगायला हवं: द्राक्षाच्या मांडवाखाली थांबायचं नाही. लोखंडी अँगल आणि एकरभर पसरलेल्या तारा, वीज एका टोकाला पडली तरी लांबपर्यंत जाऊ शकते. पावसात पोरं सगळ्यात आधी मांडवाखालीच पळतात, म्हणून कोरड्या दिवशी पळायचा सराव करून घ्या: शिट्टी वाजली की घर. मोठ्यांनी मोबाईलवर 'दामिनी' ॲप ठेवावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते केलंय आणि आसपास पडणाऱ्या विजांची सूचना त्यावर मिळते.

ढग जातात, पाऊस पडत नाही

जुलैत बाजेवर पडलं की आमच्याकडं रोज हेच दिसतं. करडे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडं पळतायत आणि बाटलीत शून्य, फार तर भुरभुर. पोरं विचारतात आणि विचारायलाच हवं. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, गार होते आणि पाणी तिथंच सांडते. घाट ओलांडून खाली उतरताना हवा पुन्हा तापते आणि कोरडी होत जाते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आटपाडीकडं पाचशेच्या आगेमागे. अंगणात मातीचा लांबट डोंगर करा आणि झारीनं एकाच बाजूनं पाणी शिंपडा. मोठ्या पोरांसाठी पेपरातले महाबळेश्वर, कोयना, चांदोलीचे आकडे आपल्या बाटलीच्या आकड्याशेजारी लिहायला लावा.

त्याच्याच शेजारी सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी लिहा. १९२९ सालचा हा पूल आहे. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या बाटलीत शून्य असताना पूल चढत असतो, कारण कृष्णेत येणारं पाणी महाबळेश्वर, कोयना, वारणेच्या खोऱ्यात पडलेलं असतं. घाटात पाऊस वाढल्यावर पुलाचा आकडा किती दिवसांनी वाढला हे पोरांना स्वतः वहीत शोधायला लावा. भूगोलाचा नकाशा ती नंतर आनंदानं बघतात. ज्यांच्या घरात पूर आला होता त्या पोरांसमोर मात्र जपून बोला. आकडा दाखवा, भीती नको.

चंद्र, सावली, तारे

चंद्र दिवसाही दिसतो हे कित्येक मोठ्या माणसांच्याही ध्यानात नसतं. दिनदर्शिकेत वद्य षष्ठी ते दशमी बघा आणि त्या दिवसांत सकाळी साडेआठला पश्चिमेकडं शोधायला लावा. आजीचा संकष्टीचा उपास असतोच. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीला आजी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खोळंबते. पोरांना वेळ आधी सांगायला लावा आणि आजीला ताट वाढायचं काम पोरांनाच द्या.

मोकळ्या जागी एक सरळ काठी रोवा आणि दुपारी साडेबाराच्या आसपास तिच्या सावलीचं टोक दर आठवड्याला चुन्यानं खुणा. मेच्या ७-८ तारखेला सांगली-तासगावकडं सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेला पडते, ढगातून ऊन पडेल तेव्हा बघून घ्या.

तारे हिवाळ्यात. ध्रुव शोधताना हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे दहा अंश. आपल्याकडं ध्रुव उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर आहे. पोराची मूठ लहान तसा हातही लहान, म्हणून माप जुळतं. जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला मृग दाखवला की विचारणारं विचारतंच, मृग तर जूनमध्ये लागतो ना? जूनमध्ये सूर्य मृगाच्या बाजूला असतो, त्यामुळं ते तारे त्याच्याबरोबर दिवसा आभाळात असतात आणि दिसत नाहीत. पावसाची सगळी नक्षत्रं अशीच सूर्याची. मृगाचा लाल मखमली किडा मात्र जूनमध्येच दिसतो. तळहातावर न घेता, खाली बसून बघायचा.

उद्याचं सांगा

दोन महिने नोंदी झाल्या की रोज संध्याकाळी प्रत्येकानं उद्याचं सांगायचं. पाऊस पडेल वाटलं तर डब्यात काळा खडा, नाही वाटलं तर पांढरा. आणि कशावरून ते सांगायचं. 'वारा फिरला', 'मुंग्या अंडी घेऊन चालल्यात', 'डोंगर दिसत नाही', काहीही चालेल, पण कारण हवं. सकाळी बाटली बघून खडे मोजायचे. ज्या कारणानं अंदाज बरोबर येतो ते कारण वहीच्या मागच्या पानावर लिहायचं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तपासायचं. मुंग्यांचं कारण आमच्या वहीत कधी जमतं, कधी जमत नाही, ते तसंच लिहिलेलं आहे.

रेडिओवर 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणाले आणि आपल्याकडं पडला नाही तर हवामान खात्याला बोल लावायची मोठ्यांना सवय असते. पोरांसमोर ते टाळा. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाव हिस्सा ठिकाणांपर्यंत, 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. वस्तीवरच्या चार पोरांना चार वेगळ्या घरी बाटल्या ठेवायला लावा. वळवाच्या दिवसांत एका बाटलीत बारा मिलिमीटर आणि ओढ्यापलीकडच्या बाटलीत शून्य असं होतं, आणि मग तुरळक म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.